रविवारी संध्याकाळी पोटात येणारा गोळा

रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला घरात कुणीतरी म्हणतंच, "चला, उद्यापासून परत." नुसतं 'परत'. काय परत, हे विचारावं लागत नाही. कपाटातून उद्याचे कपडे निघतात, बॅगेतला चार्जर कुठे गेला म्हणून शोधाशोध होते, फोनमधला अलार्म पुन्हा सहावर येतो. दुपारपर्यंत बरं असलेलं मन खट्टू होतं. झोपायला अजून चार-साडेचार तास असतात, म्हणजे सुट्टीचा चांगला मोठा तुकडा हातात असतो. पण तो गेल्यातच जमा.

आणि सोमवार तर अजून आलेलाही नसतो! सोमवारचा म्हणून जो त्रास आपण सांगतो, तो सोमवारी शोधायला गेलं तर फारसा सापडत नाही. त्याची गाठोडी आधीच बांधलेली असतात. एक शुक्रवारी संध्याकाळी, एक शनिवारी रात्री आणि एक रविवारी. "सोमवारकडे सकारात्मक नजरेनं बघा" हा सल्ला म्हणूनच मला अर्धवट वाटतो. नजर बदलायला हरकत नाही, पण आधी गाठोड्यांत काय आहे ते पाहू.

सोमवार खरंच इतका वाईट असतो का?

अमेरिकेत गॅलप ही संस्था रोज लोकांना फोन करून विचारत असे, की काल तुम्हाला आनंद, काळजी, ताण, दुःख यांपैकी काय काय जाणवलं. अशा सुमारे ३,४०,००० लोकांची उत्तरं मानसशास्त्रज्ञ आर्थर स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली वारानुसार मांडून पाहिली. शनिवार-रविवार ठळकपणे बरे निघाले. शुक्रवारही थोडा बरा निघाला. सोमवार मात्र मंगळवार, बुधवार, गुरुवार यांच्या पंगतीतच बसला. त्यांच्याहून तो खास वाईट नव्हता.

मग शिव्या एकट्या सोमवारलाच का? उजेडातून एकदम खोलीत शिरलं की काही क्षण खोली आहे त्याहून काळोखी वाटते, तसं काहीसं हे आहे. बुधवारच्या आधी मंगळवार असतो, सोमवारच्या आधी रविवार. आपण सोमवार मोजत नाही, रविवार आणि सोमवार यांच्यातला फरक मोजतो.

(जानेवारीतला तिसरा सोमवार हा वर्षातला सर्वांत उदास दिवस, असं दरवर्षी कुठेतरी छापून येतं. ते सूत्र २००५ साली ब्रिटनमधल्या एका प्रवासविषयक वाहिनीच्या प्रसिद्धीसाठी पुढे आणलं गेलं होतं. त्यात हवामान, कर्ज आणि उत्साह यांची एकमेकांत बेरीज-वजाबाकी आहे. ती कुठल्या एककात करायची, हे कुणी सांगितलेलं नाही. सोडून द्या.)

दुसरी गोष्ट आपल्या अंदाजाची. पुढचा दिवस कसा जाईल याचा विचार करताना मन त्यातला एकच प्रसंग उचलतं आणि सगळा दिवस त्याच रंगात रंगवतं. सोमवार म्हटलं की सकाळची मीटिंग दिसते. त्यानंतरचे सात तास दिसतच नाहीत. टिमोथी विल्सन, डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे फुटबॉलच्या चाहत्यांवर तपासलं. आपला संघ हरला तर किती दिवस वाईट वाटेल, असं आधी विचारल्यावर विद्यार्थ्यांनी फुगवून सांगितलं. पण ज्यांना त्या दिवसांत आपण आणखी काय काय करणार आहोत ते आधी लिहायला लावलं होतं, त्यांचे अंदाज बरेच जमिनीवर आले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो बहुधा असाच एका प्रसंगाकडे टक लावून बसल्यावर पाठीशी लागतो.

याचा उपयोग अगदी साधा आहे. रविवारी मन खट्टू झालं की कागदावर सोमवार तासातासानं लिहून काढायचा. नऊ ते दहा प्रवास आणि कानात काहीतरी ऐकणं. दहा ते अकरा ती मीटिंग. अकरा ते बारा कालचं पत्र. दुपारी अमुक सहकाऱ्याबरोबर जेवण. लिहिता लिहिता लक्षात येतं, की ज्या मीटिंगनं पोटात गोळा आणला तिला या कागदावर एकच ओळ मिळाली आहे.

शरीर आठवड्याअखेर परदेशी जाऊन येतं

तीन गाठोड्यांतलं सर्वांत जड गाठोडं झोपेचं, आणि त्याच्याबद्दलच सर्वांत कमी बोललं जातं.

मेंदूत डोळ्यांच्या नसांच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढा सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका असतो. झोप कधी यावी, शरीराचं तापमान कधी उतरावं, कुठलं संप्रेरक कधी वाढावं, याचं वेळापत्रक तो सांभाळतो. हे घड्याळ बरोबर २४ तासांचं मात्र नाही. हार्वर्डचे चार्ल्स चाइस्लर यांच्या गटानं १९९९ साली काळजीपूर्वक मोजलं, तेव्हा त्याची सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आसपास आली. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांचं घड्याळ रोज थोडं मागे पडतं आणि सकाळचा उजेड ते रोज पुढे सरकवून जागेवर आणतो. रात्री तासभर जास्त जागणं सोपं आणि सकाळी तासभर लवकर उठणं जिवावर येणारं, याचं एक कारण हेच.

आता एक नेहमीचा आठवडा घ्या. कामाच्या दिवशी रात्री ११ ला झोप, सकाळी ६ ला जाग. झोपेचा मध्य पहाटे अडीच. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री दीड वाजतो, जाग येते साडेनऊला. झोपेचा मध्य साडेपाच. फरक तीन तासांचा. म्यूनिकचे टिल रोनेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली या फरकाला 'सोशल जेटलॅग' असं नाव दिलं. (जेटलॅग म्हणजे विमानानं दूरच्या देशात गेल्यावर शरीराचं घड्याळ तिथल्या वेळेशी न जुळणं.) नाव अगदी चपखल आहे. तीन तासांच्या अंतरावरच्या देशात शुक्रवारी रात्री जावं आणि सोमवारी पहाटे परत यावं, तसं हे आहे. फक्त विमान नाही आणि तिथलं काही पाहून झालेलं नाही.

रविवारी रात्री काय होतं ते जरा जवळून बघू. सकाळी साडेनऊला उठलेला माणूस शहाण्यासारखा ११ ला अंथरुणावर पडतो. झोप यायला दोन गोष्टी लागतात. घड्याळानं 'आता रात्र झाली' म्हणावं लागतं आणि दिवसभर जागं राहून झोपेची भूक साठावी लागते. दोन दिवसांत घड्याळ पूर्ण तीन तास सरकत नाही, पण सरकतं ते त्रास द्यायला पुरतं. आणि भूक? एरवी ११ वाजता तो १७ तास जागा असतो. आज जेमतेम साडेतेरा. म्हणजे झोप येणार नाही, हे ठरलेलंच. तो कूस बदलतो, फोन हातात घेतो, 'आता झोपलो तरी सहाच तास, आता पाचच' असा हिशेब करतो आणि झोप न येण्याचं खापर उद्याच्या कामावर फोडतो. प्रत्यक्षात ते रविवारी सकाळच्या साडेनऊचं देणं असतं.

मग सोमवारी सहाचा अलार्म वाजतो तेव्हा शरीराच्या दृष्टीनं अजून मध्यरात्र सरलेली नसते. त्या अवस्थेत कुणालाही जग चांगलं दिसत नाही. अशा माणसाला आरशासमोर उभं राहून हसायला सांगणं म्हणजे जखम पायाला आणि मलमपट्टी डोक्याला.

इलाज नीरस आहे. म्हणूनच बहुधा कुठल्या प्रेरणादायी पोस्टरवर तो दिसत नाही. सुट्टीच्या दिवशीची जाग नेहमीच्या वेळेच्या तासाभरात ठेवायची, निदान रविवारी तरी. आठवडाभराची झोप थकलेली असेल तर ती सकाळी उशिरापर्यंत लोळून फेडू नये. आदल्या रात्री लवकर झोपून किंवा दुपारी वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी काढून फेडावी. आणि रविवारी सकाळी उठल्यावर घराबाहेरचा उजेड डोळ्यांत जाऊ द्यावा. ढगाळ दिवसाचा उजेडही खोलीतल्या दिव्यांहून कितीतरी जास्त असतो. मी हे सगळं कुरकुरत सुरू केलं. शनिवारची रात्र सोडायची तयारी नव्हती, अजूनही नाही. म्हणून शनिवारी कितीही जागलो तरी रविवारी सातला उठायचं आणि दुपारी थोडं आडवं व्हायचं, असा तह केला. रविवारी रात्री साडेदहाला डोळे मिटू लागतात, हे मला तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं.

झोपेतून उठल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसोल हे संप्रेरक आपोआप वाढतं. सुट्टीच्या दिवसापेक्षा कामाच्या दिवशी ही वाढ जास्त असते, असं अभ्यासांत दिसलं आहे. शरीर दिवसाची तयारी करत असतं. सोमवारी सकाळी होणाऱ्या त्या धडधडीतला काही भाग या तयारीचा आहे, असं समजायला हरकत नाही. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणाआधी किंवा गाण्याआधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला हुरूप आलाय" म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. कारण धडधड आणि शांतपणा यांचं जमत नाही, धडधड आणि हुरूप यांचं जमतं. स्वतःशी असं मोठ्यानं बोलायला मला अजून ओशाळं होतं. पण धडधड म्हणजे संकट असं न समजण्याइतपत फरक मात्र पडला.

शुक्रवारची चिठ्ठी

दुसरं गाठोडं अर्धवट कामांचं. १९२७ साली बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ स्त्रीनं दाखवलं, की मध्येच थांबवलेली कामं लोकांना पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. पुढच्या काळात इतरांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा निकाल प्रत्येक वेळी तसा आला नाही, हेही सांगायला हवं. पण अर्धवट काम डोक्यात भुंग्यासारखं गुणगुणत राहतं, हा अनुभव कुणाला नाही? मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी २०११ साली त्यातला पुढचा धागा पकडला. हा भुंगा गप्प करायला काम पूर्ण करावंच लागतं असं नाही. ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत ठरला तरी मन त्याला सोडून देतं.

स्कलिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली झोपेच्या प्रयोगशाळेत ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला लावलं. निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर.

मुद्दा तपशिलाचा आहे. मी पूर्वी शुक्रवारी लॅपटॉपचं झाकण आपटून निघत असे. आत चौदा टॅब उघडे, एक मेल अर्धा लिहिलेला. आता शेवटची दहा मिनिटं एका पिवळ्या चिठ्ठीला देतो आणि ती कीबोर्डवर चिकटवून जातो. पहिल्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, 'अहवाल पूर्ण करणे'. सोमवारी ती वाचून मला पुन्हा शुक्रवारइतकंच दडपण आलं. आताची चिठ्ठी अशी असते: 'अहवालाची फाइल उघड. पान ३, दुसरा तक्ता. एप्रिलची बेरीज तपास. जुळली नाही तर हिशेब विभागाला फोन कर, मेल नको.' सोमवारी सकाळी माझं डोकं अर्धवट जागं असतं. त्याला निर्णय नको असतात, हुकूम हवा असतो.

चिठ्ठीवरचं पहिलं काम लहान आणि संपण्यासारखं असावं. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी ७ कंपन्यांतल्या २३८ जणांच्या सुमारे १२,००० रोजनिशी-नोंदी तपासल्या. माणसाचा कामाचा दिवस चांगला कशानं जातो, याचं सर्वांत ठळक उत्तर निघालं: अर्थ वाटणाऱ्या कामात थोडंसं पुढे सरकणं. बक्षीस, कौतुक हे त्यामागून. आणि आपण सोमवारची पहिली वेळ कशाला देतो? इनबॉक्सला. तिथे दुसऱ्यांची कामं पुढे सरकतात, आपलं नाही. पहिला अर्धा तास इनबॉक्स न उघडता चिठ्ठीवरची बेरीज जुळवली, की दहा वाजायच्या आत दिवसाच्या खात्यात काहीतरी जमा होतं.

काम नसलेल्यांनाही रविवार आवडतो

तिसऱ्या गाठोड्यानं मला चकित केलं. क्रिस्टोबल यंग आणि चेयून लिम या समाजशास्त्रज्ञांनी २०१४ साली गॅलपच्याच पाहणीतल्या पाच लाखांहून जास्त लोकांची उत्तरं पाहिली. त्यांना दिसलं, की नोकरी नसलेल्यांचाही मूड शनिवार-रविवारी वर जातो आणि सोमवारी खाली येतो, जवळजवळ नोकरदारांसारखाच. वास्तविक त्यांना सोमवारी कुठे जायचं नसतं. मग सोमवारी त्यांचं काय हरवतं? माणसं हरवतात. सुट्टीची मजा नुसत्या मोकळ्या वेळेत नाही. आपण मोकळे असताना आपली माणसंही मोकळी असण्यात ती आहे.

याचा उलटा प्रयोग एका अख्ख्या देशानं करून पाहिला आहे. सोव्हिएत संघानं १९२९ साली सात दिवसांचा आठवडा मोडून पाच दिवसांचा केला आणि कामगारांचे पाच गट पाडले. प्रत्येक गटाला वेगळ्या दिवशी सुट्टी, म्हणजे कारखाने कधीच बंद नाहीत. कागदावर सुट्ट्या वाढल्या, कारण आता सातव्याऐवजी पाचव्या दिवशी सुट्टी होती. पण नवऱ्याची एका दिवशी, बायकोची दुसऱ्या, मित्राची तिसऱ्या. लोक वैतागले. १९३१ साली सगळ्यांना एकत्र सुट्टी देणारा सहा दिवसांचा आठवडा आला आणि १९४० साली सात दिवसांचा जुना आठवडा परतला.

म्हणजे सोमवारी जे टोचतं त्यात थोडा भाग एकटेपणाचाही आहे. त्यावर उपाय म्हणून सोमवारच्या संध्याकाळी एखाद्या माणसाची जागा आधीच राखून ठेवावी. मित्राबरोबर फेरी, बहिणीला ठरलेला फोन, काहीही. "भेटू कधीतरी" म्हटलेलं आपल्याकडून होत नाही. वार आणि वेळ लागते.

आता नजरेबद्दल

गाठोडी हलकी झाली की नजरेचं बोलता येतं. सोमवारच्या बाजूनंही एक पुरावा आहे. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली दाखवलं, की आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला लोक जास्त संख्येनं व्यायामशाळेत जातात, डाएटची माहिती शोधतात, स्वतःला वचनं देतात. आधीच्या चुका 'मागच्या आठवड्यातला मी' नावाच्या कुणा दुसऱ्याच्या नावावर टाकता येतात. पाटी कोरी वाटते. ती खरंच कोरी नसते, पण वाटण्यातही जोर असतो. तो जोर एकाच गोष्टीवर खर्च करावा. सोमवारपासून व्यायाम, सोमवारपासून साखर बंद, सोमवारपासून पहाटे पाच, असं सगळं लादलं तर बिचारा सोमवार आणखी जड होतो.

आणि नुसत्या गोड कल्पनांपासून जरा जपून. गॅब्रिएले ओटिंगेन आणि थॉमस वॅडन यांनी १९९१ साली वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. 'मला जमेल' असा भरवसा असलेल्यांचं वजन जास्त उतरलं. 'जमलंय, मी बारीक झालेय, सगळे बघतायत' अशी स्वप्नं रंगवणाऱ्यांचं मात्र कमी. स्वप्नातच ते मिळून गेल्यासारखं होतं आणि हात ढिले पडतात. त्यामुळे "उद्याचा दिवस मस्त जाणार" म्हणून थांबू नये. उद्या काय आडवं येईल तेही सोबत म्हणावं आणि ते आलं तर काय करायचं ते ठरवावं: मीटिंग साडेअकराच्या पुढे गेली, तर मी उठून सांगेन की मला निघायचंय.

एवढं सगळं करूनही गोळा जात नसेल तर बुधवार बघावा. चार आठवडे, दर बुधवारी दुपारी दोनला, आत्ता कसं वाटतंय याची एका शब्दात नोंद करायची. बुधवारी दुपारी बरं वाटत असेल तर दुखणं सोमवारचं आहे आणि वरचे उपाय त्याला पुरतील. बुधवारीही तसाच गोळा असेल तर दुखणं कामाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली बर्नआउटची व्याख्या स्पष्ट केली, तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटलं आणि तिच्या तीन खुणा सांगितल्या: सगळी शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं. बुधवारच्या नोंदी या तिन्हींशी जुळत असतील, तर अलार्म आणि चिठ्ठी बाजूला ठेवून वरिष्ठांशी कामाच्या बोज्याबद्दल बोलायचं, आणि झोप, भूक, रडू यांचा ताळमेळ सुटला असेल तर आधी डॉक्टरांशी.